भुईगावच्या बकरीचे आठ साक्षीदार

वसईकडे आठवडाभर राहून किल्ला न पाहता परत आलेली बाई म्हणून आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सध्या माझी ख्याती आहे. "मग पाहिलंत तरी काय?" असं भूगोलाच्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. एक बकरी पाहिली. एकटीने नव्हे, आठ शिकल्यासवरल्या माणसांनी मिळून पाहिली, अगदी निवांत. नववा माणूस माझा थोरला भाऊ. त्याला ती दिसली नाही, आणि त्याच्यासाठीच तर मी सांगलीहून तिकडे गेले होते.

बोळिंज, शुक्रवार

प्रवासाचं काही सांगत नाही. रात्रभर एक अनोळखी बाई माझ्या खांद्यावर झोपली आणि उतरताना "तुम्हाला झोप लागली ना नीट?" असं मलाच विचारून गेली, एवढंच सांगण्यासारखं.

अण्णा, म्हणजे हा भाऊ, निवृत्तीनंतर विरारला बोळिंजमध्ये फ्लॅट घेऊन राहतो. तिथल्या इमारतींना फुलांची नावं आहेत आणि कंपाउंडात फूल एकही नाही. इमारतीमागे अजून भाताची खाचरं आहेत, समोर पाण्याचा टँकर. टँकर आला की आधी बायका धावतात, मग बादल्या, आणि सगळ्यांत शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी. आम्ही कृष्णाकाठची माणसं. पाणी मोजून वापरायची आम्हाला सवय नाही. मी सकाळी सवयीने दोन तांबे जास्त घेतले, तर वहिनींचा चेहरा असा झाला की तिसरा तांब्या मी आपणहून खाली ठेवला.

वहिनींकडे पाहून मला धक्का बसला. दोन वर्षांपूर्वी काळेभोर असलेले केस पांढरेशुभ्र झाले होते.

"रंग लावायचा सोडला," त्या हसत म्हणाल्या. "कोणासाठी लावायचा वन्सं? बघणाऱ्याला दिसत नाही."

हेच माझ्या येण्याचं कारण. अण्णाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा तर इतका पिकलेला, की डॉक्टरांनी बजावलं होतं, संक्रांतीच्या आत ऑपरेशन करा. तो आत फुटून डोळ्यावर दाब चढला तर नजर गेली ती गेली. डिसेंबर अर्धा सरला होता आणि अण्णा हलायला तयार नव्हता. तीस वर्षं औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळलेला माणूस. काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडत द्रावण फिकट गुलाबी झालं की त्याच थेंबाला थांबायचं, ही त्याची हातोटी. एक थेंब जास्त झाला तर दिवसभर त्याचं तोंड पडलेलं असे. आता त्याला चहा आणि कोकम सरबत यांतला फरक कप हातात घेतल्यावर कळत होता.

"परवा हे टँकरच्या पुढ्यात गेले," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "ड्रायव्हरने आईबहीण काढली. हे मला येऊन सांगतात, आज रस्त्यात एक गृहस्थ फार अस्वस्थ वाटले."

मी हसले आणि लगेच मला भरून आलं. पानाच्या शिरा, मुंगीचे पाय, पतंगाच्या पंखावरची भुकटी, हे सगळं मला लहानपणी भिंगातून दाखवलं ते अण्णाने. मी विज्ञानाची शिक्षिका झाले ती त्या भिंगापायी.

जेवताना मी विषय काढला. अण्णाने अगदी शांतपणे भाताची मूद उकरत उत्तर दिलं, "कुमे, पाहणं हे डोळ्यांचं काम नव्हे. डोळा नुसती काच आहे."

"मग काच पुसून घ्यायला काय हरकत आहे?" आतून वहिनींचा आवाज आला.

अण्णा म्हणाला, "उद्या भुईगावला चल. तिथे बोलू." मी मनात म्हटलं, झालं, उद्या याला कोपऱ्यात गाठते आणि चांगलं सुनावते. सांगलीहून येताना पिशवीत भडंग होतं आणि डोक्यात फक्त सल्ले.

भुईगाव, शनिवार

भुईगाव समुद्राला लागून आहे. रस्ते इतके अरुंद की समोरून एक बैलगाडी आली तर आमच्या रिक्षाला कुणाच्या तरी अंगणात शिरावं लागलं. अंगणातल्या आजीने "आलाच हाय तर पानी प्या" म्हटलं आणि आम्ही प्यायलो. नाताळ जवळ आला होता. ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या टांगलेल्या, शेजारच्या घरापुढे तुळशीवृंदावन, आणि दोन्ही घरांत भांडणाचा विषय एकच: कुणाचं केळीचं पान कुंपण ओलांडून कुणाकडे आलं.

अण्णाचं संवाद-मंडळ महिन्यातून एकदा इथे नलूकाकूंच्या वाडीत भरतं. विज्ञान आणि अध्यात्म यांचा मेळ घालायचा, पण व्याख्यान नाही, गुरू नाही, हारतुरे नाहीत. सगळ्यांनी गोल बसायचं, प्रश्न विचारायचे आणि स्वतःच्या आत पाहायचं. वाडीत मधोमध बावखल आहे, म्हणजे पूर्वी खणलेलं तळं. त्याच्या काठी सतरंज्या अंथरल्या होत्या. बाजूच्या नारळाला एक पुठ्ठा टांगलेला, त्यावर अण्णाच्या जुन्या, सुबक अक्षरात तीन नियम:

सल्ला द्यायचा नाही.
'शास्त्रात सांगितलंय' असं म्हणायचं नाही (दोन्ही शास्त्रांत).
जे दिसेल ते पाहायचं, त्याला नाव द्यायचं नाही.

पहिला नियम वाचला आणि माझं सल्ल्यांचं सगळं सामान नाक्यावरच जप्त झालं. अण्णा गालात हसत होता. मला इथे आणण्यामागचा त्याचा कावा आत्ता माझ्या लक्षात आला.

मंडळींची ओळख करून देते. बोळिंजचाच संदेश, कॉम्प्युटरवाला, बोलणं "अ‍ॅक्च्युअली काका" असं सुरू करणारा. बस्त्याव मास्तर, गावातलेच, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र दाढी, वाक्य तोलून टाकणारे. बाकी बँकेतलं एक जोडपं आणि तीन गप्प माणसं. ती कोण हे मला दोन दिवसांत कळलं नाही, पण ती डोकी फार छान हलवत. तुळिंजच्या प्रधानबाई अजून यायच्या होत्या. त्या नेहमी उशिरा येतात आणि नेहमी पांढरी साडी नेसतात, असं मला मुद्दाम सांगण्यात आलं.

सकाळी दोन तास अणूपासून आत्म्यापर्यंत चर्चा झाली. इलेक्ट्रॉनकडे पाहिलं की तो बदलतो, असं संदेश म्हणाला. "पाहणारा बदलतो का?" असं अण्णाने विचारलं. बँकवाल्यांच्या सौ. म्हणाल्या, "ह्यांच्याकडे मी बावीस वर्षं पाहतेय, काही फरक नाही." मला हे मंडळ एकदम आवडलं.

मग आला 'पाहण्याचा तास'. अर्धा तास न बोलता बसायचं. नेमक्या त्याच वेळी नलूकाकू सूप घेऊन आल्या. साठीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेल्या. सुनेशी त्या आपल्या घरच्या बोलीत बोलायच्या, त्यातलं मला चारातलं एक कळे. आमच्याशी बोलताना मात्र जरा शहरी वळण घ्यायच्या. बावखलाच्या पलीकडे एका बुटक्या बाजेवर त्यांनी सुकेळी वाळत घातली होती. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवतात, रोज उलटतात, संध्याकाळी गुंडाळून ठेवतात. होता होता ती लालसर, चिवट आणि मधाच्या गोडीची होतात. आमच्याकडे केळं काळं पडलं की गाईला घालतात, इथे त्याचा मेवा करतात. ही सुकेळी काकूंच्या मुलीच्या सासरी जायची होती. सहावा दिवस होता.

"मी नि सून फुलं तोडून येतो. तुमी बसनारच हाय, तर जरा नजर ठेवा," काकू म्हणाल्या.

"काकू," अण्णा मोठ्या समाधानाने म्हणाला, "नजर ठेवणं हेच तर आमचं काम."

पाच मिनिटं गेली. बावखलात बेडूक उडी मारत होता, त्याला मी नाव दिलं नाही. मग केळीच्या पानांतून एक पांढरी बकरी आली. तिने आमच्याकडे पाहिलं, आम्ही तिच्याकडे पाहिलं. ती बाजेजवळ गेली, पातळ फडकं दातांनी बाजूला ओढलं आणि पहिलं सुकेळं उचललं.

आता कुणीही सांगेल की अशा वेळी माणूस "हाड्" म्हणतो. पण "हाड्" म्हणायला आधी ती बकरी आहे असं ठरवावं लागतं, आणि ठरवायचं नव्हतं. संदेशने माझ्याकडे पाहिलं, मी बँकवाल्यांकडे पाहिलं, त्यांनी डोळे मिटून घेतले. तीन गप्प माणसं डोकी हलवत राहिली. बस्त्याव मास्तर बावखलाच्या पाण्याकडे असे एकटक बघत होते जणू तिथे गणित मांडलंय. एक ओळ संपवून बकरीने दुसरी ओळ सुरू केली.

मी चोवीस वर्षं वर्गावर ओरडलेली बाई. मी का गप्प बसले? खरं सांगायचं तर मी बकरीकडे पाहतच नव्हते. मी अण्णाकडे पाहत होते. याला कधी दिसतं ते बघू तरी, असा एक दुष्ट आनंद मला होत होता.

पोट भरल्यावर बकरी बावखलाला वळसा घालून आमच्यात आली आणि अण्णासमोर उभी राहिली. अण्णाने मान वर केली. समोर काहीतरी पांढरं हललं. तो हात जोडून हळू आवाजात म्हणाला, "या प्रधानबाई, बसा. उशीर झाला तरी हरकत नाही."

संदेशच्या नाकातून शिट्टीसारखा आवाज निघाला. बकरी बसली नाही. तिने अण्णाच्या झोळीचा वास घेतला आणि तिथेच उभी राहून रवंथ करू लागली. अण्णाने थोडं सरकून तिला सतरंजीवर जागा करून दिली.

तेवढ्यात तगरीची टोपली घेऊन काकू परतल्या. त्यांचा जो आवाज लागला तो अर्नाळ्यापर्यंत गेला असावा. आमच्याजवळ राहिलेलं सूप उचलून त्या बकरीमागे, बकरी केळीत, टोपलीतली तगर सगळी बावखलात.

"नऊ मानसं! नऊ मानसं बसली हायत, आनि बकरी सुकेली खाऊन जाते!"

"काकू, अ‍ॅक्च्युअली," संदेश चाचरत म्हणाला, "आम्हाला नाव द्यायचं नव्हतं."

"नाव कोन विचारतंय तिचं? हाकलायची व्हती!"

आणि मग आम्ही सगळे मान खाली घालून उभे असताना अण्णाने विचारलं, "कोणती बकरी?"

कुणी हसलं नाही. काकूंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. फाटकातून पांढऱ्या साडीतल्या खऱ्या प्रधानबाई आत येत होत्या. "उशीर झाला हो," त्या म्हणाल्या. अण्णा आवाजाच्या दिशेने वळला आणि त्याचा चेहरा मला पाहवेना.

दुपारी काकूंनी आम्हाला जेवू घातलं, हे त्यांचं मोठेपण. तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, सगळ्यात नारळ. आम्ही सांगलीकर ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खाणारे. मी तिखट मागितलं तर सुनेने एक हिरवी मिरची आणून ठेवली आणि ती मी कशी खाते हे पाहायला उभी राहिली. सुकेळी मात्र कुणाच्या ताटात पडली नाहीत. मागायची छाती कुणालाच झाली नाही.

उन्हं उतरल्यावर अण्णा म्हणाला, "समुद्रावर जाऊ." सुरूच्या बनातून जाताना त्याने पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाळूत पोचल्यावर सल्ला माझ्या अगदी ओठावर आला. पण मीच सकाळी त्याची गंमत पाहत बसले होते, आता कुठल्या तोंडाने बोलणार? आम्ही नुसते उभे राहिलो. त्याने विचारलं, "सूर्य गेला का?" सूर्य समोरच होता, तांबडालाल, ताटाएवढा. मी म्हटलं, "जातोय."

भुईगाव, रविवार

रविवारची बैठक चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपल्यावर सुरू होते, कारण बस्त्याव मास्तर त्याआधी येत नाहीत. ते आले ते खांद्यावर राजेळी केळ्यांचा अख्खा घड घेऊन, घामाघूम. घड त्यांनी मुकाट्याने काकूंच्या ओटीवर ठेवला. काकूंनीही मुकाट्याने एक केळं सोलायला घेतलं. मला वाटलं, शेजारधर्म असावा.

गोल बसल्यावर अण्णाने प्रश्न टाकला, "काल आपण का उठलो नाही?"

संदेश इलेक्ट्रॉनवर गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. मग बस्त्याव मास्तरांनी घसा खाकरला.

"मी नियमामुळे गप्प बसलो नाही. बकरी माझी होती."

सगळ्यांची डोकी वळली.

"पहिल्यांदा पाहिली तेव्हाच ओळखली. उठलो असतो तर ती माझ्या हाकेला आली असती, आणि मग सगळ्यांना कळलं असतं कुणाची ते. कुंपणातलं भगदाड गेल्या महिन्यापासून बुजवायचं आहे. म्हटलं, नियम आहे, बरं झालं." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "सकाळी फादरला सांगितलं. पण इथे सांगायला जास्त जड गेलं. फादरची सुकेळी नव्हती ना."

ओटीवरून काकू म्हणाल्या, "मला काल तिच्या कानावरनं कललं व्हतं." आणि केळं सोलत राहिल्या.

मास्तरांनी असं दार उघडल्यावर मला आत जाणं भाग पडलं. "मीही नियमामुळे नाही," मी म्हणाले. "अण्णा, मी तुझी परीक्षा घेत होते. तुला दिसत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडावं असं मला वाटत होतं. पडलं, आणि मला लाज वाटली."

अण्णा बावखलाकडे तोंड करून होता. त्याच्या हातात कसलंसं पान होतं, त्याच्या शिरा तो बोटाने चाचपत होता.

"तू लहान होतीस," तो म्हणाला. "आप्पांचं ऑपरेशन तुला आठवत नसेल. मोतीबिंदूचंच. तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायचे. मान हलली की डोळा गेला. सात दिवस. पिशव्यांवर डॉक्टरांचा भरवसा नव्हता, म्हणून मला उशाशी बसवलं होतं, डोकं धरायला. सहाव्या दिवशी माझा डोळा लागला. आप्पा खोकले."

आप्पा, म्हणजे आमचे वडील, एका डोळ्याने अधू होते हे मला माहीत होतं. का, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आता तसं नसतं, हे मला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे," अण्णा म्हणाला. "अर्ध्या तासात घरी सोडतात. सगळं वाचलंय मी. वाचून झालं की मान ताठ होते आणि हाताला आप्पांचं डोकं लागतं. पाहणं हे डोळ्यांचं काम नाही वगैरे मी बोलतो ते खोटं नाही, पण ते मी त्या भीतीवर पांघरूण म्हणून घालतो. दोन वर्षं इथे सगळ्यांना आत पाहायला सांगितलं आणि स्वतः तेवढी एक खोली बंद ठेवली."

सल्ला द्यायचा नाही हा नियम त्या क्षणी मला फार शहाणा वाटला. सल्ला दिला असता तर अण्णा पुन्हा काचेवर आणि डोळ्यावर गेला असता. नलूकाकू मात्र मंडळाच्या सभासद नव्हत्या. त्या ओटीवरून उतरल्या, अण्णाजवळ येऊन बसल्या आणि सोललेलं केळं त्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "डोकं धरायला आता तुमच्याकडं कोन हाय?"

अण्णाने मान माझ्या दिशेने वळवली. थोडी चुकलीच, पण मी सरकून त्याच्या समोर आले.

"कुमे, परत कधी जाणार?"

"उद्याचं रिझर्व्हेशन आहे."

"थांबशील?"

दुपारी नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून मी मुख्याध्यापकांना घरी फोन केला, की घरगुती कारणाने आठवडाभर येत नाही. "आजारपण का?" त्यांनी विचारलं. "नाही, बकरी," असं माझ्या तोंडून निघून गेलं. पुढे काय बोलले ते आठवत नाही, पण रजा मिळाली.

विरार, गुरुवार

ऑपरेशन बुधवारी झालं. वाळूच्या पिशव्या नव्हत्या, डोकं धरायचं काही काम नव्हतं. तरी आत नेईपर्यंत अण्णाने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी फुटली. बाहेर बाकावर वहिनी आणि मी पिशवीतलं भडंग खात बसलो. दोघींनाही भूक नव्हती, पण डबा संपला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची पट्टी काढली. अण्णाने डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. खिडकीतल्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशातलं पेन निळं आहे हे त्यांना सांगितलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू आप्पांसारखी दिसायला लागलीस."

मग त्याने वहिनींकडे पाहिलं. फार वेळ पाहत राहिला. वहिनींनी नकळत पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तो पुन्हा मागे घसरला.

"तुझे केस," अण्णा हळूच म्हणाला, "सगळे पांढरे झाले? कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "कसं सांगणार? जे दिसेल त्याला नाव द्यायचं नाही असा तुमचाच नियम ना?"

अण्णाने त्यांच्यावरची नजर काढली नाही. नुसता हात हलवला.

"तो नियम," तो म्हणाला, "रद्द."